पावती ९ दिवसांत, मोजणीला साडेतीन महिने: नगरपालिकेच्या ऑनलाइन बांधकाम परवानगीचा अनुभव

रेटिंग ५ पैकी ३.५. नगरपालिकेचं नाव देत नाही.

प्लॉट १,३०० स्क्वेअर फूट, म्हणजे साधारण १२१ चौरस मीटर, त्यावर स्वतःला राहायला घर बांधतोय. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात यूडीसीपीआर म्हणजे बांधकामाची एकत्रित नियमावली लागू झाली (मुंबई त्यात येत नाही), तिच्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला मंजुरीची वाट बघत बसायचं नाही, आर्किटेक्टने नकाशा नियमात बसतो असं लिहून द्यायचं, नकाशा सादर करायचा, पैसे भरायचे, ती पावती म्हणजेच परवानगी. १५० ते ३०० वाल्यांना १० दिवसांत.

मला हे खरं वाटलंच नव्हतं, कारण २०१६ ला भावाने घर बांधलं तेव्हा फाईल कोणत्या टेबलावर आहे ते विचारायला तो दर सोमवारी रजा टाकून जायचा, पाच महिने. माझी पावती नवव्या दिवशी आली आणि एकदाही जावं लागलं नाही. आर्किटेक्ट मॅडम म्हणाल्या पूर्वी प्रत्येक शहराचे नियम वेगळे आणि बाल्कनी, जिना यांचे हिशोब वेगळे, आता सगळं एफएसआयमध्येच (प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं ते प्रमाण) धरतात आणि घराला वर ६० टक्के ॲन्सिलरी, म्हणजे जोडीचा जादा एफएसआय मिळतो, प्रीमियम भरून. म्हणून नकाशा एकदाच काढावा लागला.

मग ३.५ का? अहो, नकाशा सादर करायला सरकारी जमीन मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे प्लॉटच्या हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा लागतो आणि ती प्रत यायलाच साडेतीन महिने गेले. दोनदा तारीख पुढे गेली, तिसऱ्यांदा मोजणीदार आले तर शेजारच्या काकांचं कंपाउंड दीड फूट आमच्यात निघालं, काका चांगले म्हणून बोलून मिटलं, पण मागची मार्जिन (नियमाने सोडायची मोकळी जागा) सोडण्यासाठी किचन लहान करावंच लागलं. तोवर पावसाळा आला, सेंट्रिंगवाला दुसऱ्या साइटवर गेला, खोदाई थेट दसऱ्यानंतर. परवानगीत वाचलेले महिने असे तिकडे गेले ना, नियम बदलणाऱ्यांनी मोजणीलाही अशीच दिवसांची मुदत घालून ती पाळायला हवी, मनापासून वाटतं.

प्लॉट घेतल्या घेतल्या मोजणीचा अर्ज टाका, आर्किटेक्ट नंतर शोधा. आणि सही करणाऱ्या आर्किटेक्टवर जबाबदारी असते, तेव्हा स्वस्तातला बघू नका.

प्लिंथ झालंय, स्लॅब पुढच्या आठवड्यात. भोगवटा दाखल्याला किती दिवस लागतात ते इथेच लिहीन.