एस्टीमचा हीटर आणि आयडलिंग: एक पावसाळा, एक हिवाळा वापरल्यानंतर

आमची मारुती एस्टीम व्हीएक्सआय 2004ची. हे मॉडेल 1994मध्ये आलं आणि 2007मध्ये बंद झालं, त्यामुळे आता रस्त्यात दुसरी एस्टीम दिसली की आपोआप मान वळते. 15 वर्षं झाल्यावर रीतसर पासिंग करून घेतलं आणि गाडी ठेवायची असंच ठरवलं. 1298 सीसीचं इंजिन अजून दणकट आहे. तक्रारी दोनच होत्या: हीटर नावापुरता आणि आयडलिंगचा, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू राहण्याचा, भरवसा नाही. दोन्ही कामं गेल्या मे महिन्यात केली. त्यानंतर अख्खा पावसाळा आणि नाशिकची थंडी निघून गेली, म्हणून आता खात्रीनं लिहितो आहे.

आपल्याकडे हीटर कशाला लागतो, असं गॅरेजवालेही विचारतात. जुलैमध्ये भर पावसात, गाडीत चार माणसं घेऊन कसारा घाट उतरा म्हणजे कळेल. काच आतून धुरकट होते. नुसता एसी लावला तर काच इतकी गार पडते की बाहेरून दव धरतं. एसी चालू ठेवून टेंपरेचरचा लीव्हर थोडा लाल बाजूला सरकवला, की एसी हवा कोरडी करतो, हीटर काच कोमट ठेवतो आणि दोन्ही बाजूंनी स्वच्छ दिसतं. माझ्या मते ही चैन नाही, ब्रेकइतकीच गरजेची गोष्ट आहे.

मुद्द्याचं आधी सांगतो. जुन्या गाडीत हीटर आणि आयडलिंग एकदम बिघडले असतील तर त्यांना दोन वेगळे आजार समजू नका. आधी कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, बघा.

आमच्या गाडीत थर्मोस्टॅटच नव्हता. आधीच्या मालकाकडे असताना कुणीतरी तो काढून टाकला होता. ‘गरम हवामानात लागत नाही, उलट गाडी हीट होते’ ही समजूत आपल्या गॅरेजांमध्ये खोलवर रुजली आहे. खरं तर इंजिन ठरलेल्या तापमानाला येईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणं हे थर्मोस्टॅटचं काम. तो साधारण 82 ते 88 अंशांना उघडतो. तो नसेल तर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत राहतं आणि हायवेला वारा लागला की इंजिन गारच राहतं. टेंपरेचरची सुई ‘सी’च्या जेमतेम वर रेंगाळायची, ती यामुळेच. हीटर याच पाण्याच्या उष्णतेवर चालतो, मग त्याला गरम पाणी मिळणार कुठून? आणि कूलंटचा टेंपरेचर सेन्सर ‘इंजिन थंड आहे’ असं कळवत राहिला, की ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल सोडतो आणि आयडल चढा ठेवतो. दिंडोरीपर्यंत जाऊन आलं तरी आरपीएम बाराशेच्या खाली येत नव्हते. ॲव्हरेज पडलं होतं ते वेगळंच.

शिवाय फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) हीटरचे दोन्ही होज, म्हणजे रबरी नळ्या, एकमेकांना जोडून बायपास केलेले, म्हणजे गरम पाणी हीटरपर्यंत जातच नव्हतं. एसी नीट गार होत नाही म्हटलं की हा उपाय सर्रास करतात.

थर्मोस्टॅट, त्याचं गॅस्केट, दोन्ही होज आणि क्लिपा नव्या घातल्या. हीटर कोअर (हीटरमधला छोटा रेडिएटर) आधी उलट्या दिशेनं, पाण्याचा जोर अगदी कमी ठेवून धुतला. चहासारखं पाणी निघालं, ते नितळ होईपर्यंत थांबलो. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं. नळाचं पाणी नकोच, आतून गंज आणि क्षार धरतात. नंतर हवा काढणं महत्त्वाचं. थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडायचं, गाडीचं तोंड चढाकडे करायचं, लीव्हर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू करायचं आणि रेडिएटरचा फॅन लागेपर्यंत पातळी बघत कूलंट घालत राहायचं. आत हवा राहिली तर डॅशबोर्डमागून खळखळ ऐकू येते, हीटर मधूनच गार पडतो आणि सेन्सरभोवती बुडबुडा अडकला तर आरपीएमही भलतेच नाचतात. गरम इंजिनाचं झाकण मात्र चुकूनही उघडू नका.

आता लीव्हर. तो सरकत होता, पण हवेत काही फरक पडत नव्हता. ग्लोव्ह बॉक्स काढून टॉर्च मारला तर केबलचं बाहेरचं आवरण हीटरच्या डब्याला धरून ठेवणारी नखाएवढी स्प्रिंगची क्लिप गायब. त्यामुळे लीव्हर सरकवला की आवरणच पुढे-मागे व्हायचं आणि आतली तार जागच्या जागी. केबल चांगली होती, फक्त क्लिप हवी होती. बसवताना लीव्हर पूर्ण थंडवर ठेवायचा, गरम-गार हवा वळवणाऱ्या फ्लॅपचा दांडा बोटानं थंडच्या टोकाला दाबून धरायचा आणि मगच क्लिप लावायची. उलट क्रमानं लावली तर फ्लॅप कधीच पूर्ण बंद होत नाही आणि उन्हाळ्यात एसीच्या हवेत गरम हवा मिसळत राहते. माझा अंदाज, आधी बायपास केलं त्याचं खरं कारण हेच असावं.

एवढ्यानं आयडल खाली आला, पण हलायचा. सिग्नलला एसी चालू असला की गाडी थरथरायची. पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत आत खेचून घेणारा व्हॉल्व्ह) होज बाहेरून धडधाकट दिसत होता. पिळून पाहिला तर खालच्या बाजूला चीर. तिथून हवा खेचली जात होती. तो बदलला. इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारे थ्रॉटल बॉडी आणि आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह कार्ब क्लीनरनं साफ केले, काळा थर होता. थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू कुणीतरी पिळून ठेवला होता, तो मेकॅनिककडून मूळ जागी आणून घेतला. आयडल बिघडला की आधी तोच पिळतात, आणि मूळ दोष आत तसाच राहतो.

आजची स्थिती: गरम इंजिनावर साडेआठशेच्या आसपास स्थिर, एसी लावला की किंचित वर. पावसाळ्यात काच पुसायचा कपडा हातात घ्यावा लागला नाही. डिसेंबरात पहाटे निफाडला जाताना गाव सुटेपर्यंत पायाशी ऊब यायची. आईचे गुडघे दुखतात. ती मागे बसूनही ‘पाय गार पडले’ असं एकदाही म्हणाली नाही, याचं मला सगळ्यात समाधान आहे. पीयूसीत कार्बन मोनॉक्साइडचा आकडा निम्म्याहून खाली आला. मजुरीसह सगळं पाच हजारांच्या आत बसलं.

एक काम बाकी आहे. फ्लॅपच्या कडेचा फोम जुना होऊन भुगा झालाय. ब्लोअर चारवर टाकला की काळे कण उडतात आणि भर उन्हात एसी अजून पूर्ण जोमानं गार करत नाही. त्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. तो उतरवायचाच असेल तर हीटर कोअर आणि एसीची कूलिंग कॉइलही त्याच वेळी तपासून घेणार आहे. कोअर गळत असेल तर गाडीत गोडसर वास येतो आणि काचेवर तेलकट थर बसतो. अजून तरी दोन्ही नाही.