पाच रंगांची मिशन जपमाळ: पैसे देण्याआधी मणी मोजा

जुन्या गोव्याच्या फेस्ताला (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या सणाला), म्हणजे ३ डिसेंबरच्या आसपास, स्टॉलांवर जपमाळांच्या जुड्याच्या जुड्या टांगलेल्या असतात. त्यातली पाचरंगी माळ अनेक जण नुसती रंगीत म्हणून उचलतात. पण त्या रंगांना अर्थ आहे. कॅथलिक धर्मगुरू फुल्टन शीन यांनी १९५१ साली अमेरिकेत रेडिओवरून ही माळ लोकांपुढे आणली. एकेका रंगाचं दशक, म्हणजे दहा मण्यांचा गट, जगाच्या एकेका भागासाठी प्रार्थना करण्याचं: हिरवं आफ्रिकेसाठी, लाल दोन्ही अमेरिकांसाठी, पांढरं युरोपसाठी, निळं पॅसिफिकमधल्या बेटांसाठी आणि पिवळं आशियासाठी. रंगांचा क्रम बनवणाऱ्यागणिक बदलतो, त्यानं काही बिघडत नाही. गुलाबी, नारिंगी, जांभळे मणी असतील तर मात्र ती मिशन माळ नव्हे, नुसती दिसायला छान माळ.

दिवसभर मोबाईलवर सुदान, गाझा, म्यानमार बघून रात्री हॉस्टेलच्या खोलीत सुन्न बसणाऱ्या मुलामुलींसाठी ही माळ कामाची आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. बातमीला शेवट नसतो, दशकाला असतो. पण बाजारात मिळणारे बरेचसे नग इतके कच्चे असतात की पहिल्याच पावसाळ्यात माळेचा जीव जातो. म्हणून आधी वस्तूबद्दल.

माळेत एकूण ५९ मणी हवेत. पाच दशकांचे ५०, सुरुवातीच्या शेपटीवरचे ३, आणि ‘आमच्या बापा’ या प्रार्थनेचे ६. स्टॉलवर उभ्या उभ्या मोजा, लाजू नका. नऊ किंवा अकरा मण्यांचं दशक ही नेहमीची चूक आहे, आणि ती घरी गेल्यावर, तेही अंधारात तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणताना कळते. दुसरी चूक रचनेतलीच. काही माळांत ‘आमच्या बापा’चा मणी पुढच्या दशकाच्याच रंगाचा आणि त्याच मापाचा असतो. फोटोत ते सुंदर दिसतं. पण जप बोटं करतात, डोळे नाहीत. बोटाला फरक लागला नाही की दहाचे अकरा होतात. हा मणी आकारानं मोठा, खाचांचा, किंवा आजूबाजूला मोकळी जागा सोडून ओवलेला असावा. लाल आणि हिरव्यात गोंधळ होणाऱ्यांना तर याशिवाय इलाजच नाही.

मणी ८ मिलिमीटरचा सगळ्यांत सोयीचा. ५९ मणी एका ओळीत ठेवले तर तेच ४७ सेंटिमीटर होतात, वर कड्या, पदक आणि क्रूस. खिशात ठेवायची असेल तर ६ मिलिमीटर चालेल, पण बसमध्ये धक्के बसतात तेव्हा एवढे बारीक मणी बोटाखालून दोन दोन निसटतात. काचेचे मणी हाताला थंड लागतात आणि रंग टिकवतात, मात्र फरशीवर पडले की टवका उडतो. रंगवलेलं लाकूड गोव्यात घेऊ नये. घामानं आधी लाल रंग सुटतो आणि शेजारच्या पांढऱ्या दशकाला गुलाबी करून टाकतो. म्हणजे अमेरिका युरोपात उतरते. ओला पांढरा रुमाल लाल मण्यावर दहा-बारा वेळा घासा, काय ते लगेच समजेल. प्लास्टिकचे मणी हलके आणि स्वस्त, त्यात वाईट काही नाही, फक्त रंग आतपर्यंत असावा, वरून फासलेला नको.

खरा घात होतो तो साखळीत. समुद्राची खारी हवा, घाम आणि जून ते सप्टेंबरची ओल या तिन्हींपुढे मुलामा दिलेली लोखंडी तार टिकत नाही. आधी कड्यांच्या तोंडाशी तांबूस ठिपके येतात, कारण तार वाकवताना तिथलाच मुलामा तडकलेला असतो. मग कडी उघडते आणि माळ तुटते. पितळी साखळी गंजत नाही, पण हिरवट पडते आणि शर्टाच्या खिशाला डाग लावते. खरेदीला जाताना छोटा चुंबक जवळ ठेवा. तार घट्ट चिकटली तर आत लोखंड आहे. स्टीलच हवं असेल तर ३१६ दर्जाचं विचारा, ते खारेपणाला ३०४ पेक्षा चांगलं तोंड देतं. प्रत्येक कडीचं तोंड नखानं चाचपा. नख अडकलं तर तिथून दोराही अडकणार, केसही.

आमची पसंती गाठींच्या नायलॉन दोरीला. ती गंजत नाही, आवाज करत नाही (लेक्चरला बसल्यावर हा मोठाच गुण), आणि दुरुस्ती घरी जमते. साधारण दीड मिलिमीटरची दोरी घ्यावी. मण्याचं भोक त्याहून फार मोठं असेल तर मणी गाठीवरून सरकतो आणि दशक विस्कटतं. क्रूसाशी शेवटची गाठ सैल पडली तर पुन्हा आवळून टोकाला लायटरची आच क्षणभर दाखवा, वितळलेलं टोक चिमट्यानं दाबा. बोटानं दाबू नका. सुती दोरी ओल धरते आणि तिला बुरशीचा वास येतो, ती टाळावी.

माळ आधी विकत घ्या, मग पाद्रींकडून आशीर्वादित करून घ्या. आशीर्वादित वस्तू विकायची नसते. तुटून पार निकामी झाली तर कचऱ्यात न टाकता जाळायची किंवा पुरायची, ही जुनी रीत.

आता वापराबद्दल, कारण तक्रारी जास्त तिथेच येतात. एका दशकाला तीन-चार मिनिटं लागतात, पूर्ण माळेला वीस मिनिटांच्या आसपास. म्हापसा-पणजी बसप्रवासात ती आरामात होते. चूक अशी होते की एकेका दशकात खंडातलं सगळंच दुःख कोंबलं जातं. पिवळ्यात तर गर्दीच गर्दी: गाझा, म्यानमार, मणिपूर. यादी लांबते, दशकाच्या दर मण्याला म्हणायचं ‘नमो मरिया’ तोंडानं चालू राहतं आणि डोक्यात बातमीपत्र. माणूस जपानंतर आधीपेक्षा दमतो. उपाय सोपा आहे. एका दशकाला एकच जागा, आणि जमेल तितकी नेमकी. पिवळ्याला २८ मार्च २०२५ च्या भूकंपात घर गेलेलं मंडालेतलं कुटुंब. हिरव्याला एप्रिल २०२३ पासून पेटलेल्या सुदानातून पळालेली माणसं. उरलेल्यांची पाळी उद्या. निळ्या दशकाला काय म्हणायचं हे पुष्कळांना सुचत नाही. मे २०२४ मध्ये पापुआ न्यू गिनीत डोंगर कोसळून गाव गाडलं गेलं, तिथून सुरुवात करता येते.

आणि आनंदाचं काय? प्रत्येक दशक ‘पित्याला गौरव’ या छोट्या प्रार्थनेनं संपतं. तिथे त्या दिवसातली एक चांगली गोष्ट ठेवावी, एकच. पहाटे पदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंपू, गरम पोई, गाड्यावरचं रोस-ऑम्लेट, सबमिशनची वाढवून मिळालेली तारीख. हलकं वाटतं म्हणून गाळू नये. दर दशकाला येशू आणि मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात आणायचा, त्याला रहस्य म्हणतात. सोमवार आणि शनिवार आनंदाच्या रहस्यांचे असतात, मंगळवार-शुक्रवार दुःखाच्या, आणि सोमवारी वाईट बातमी आली तर काय, असा प्रश्न विद्यार्थी हटकून विचारतात. वारांची वाटणी ही सोय आहे, सक्ती नाही. तरी सोमवारची रहस्यं बदलायची गरज पडू नये. त्यात आहे काय? एका गरोदर बाईनं दुसरीच्या घरी जाणं, गोठ्यातलं बाळंतपण, तीन दिवस शोधल्यावर सापडलेला मुलगा. चौथ्या रहस्यात तर म्हातारा शिमोन बाळाला हातात घेऊन आईला सांगतो की तुझ्या जिवातून तलवार आरपार जाईल. आनंदाची ही पाच दशकं वाटतात तेवढी गोड नाहीत.

मोबाईलवर जपाची ॲप आहेत, पण ज्या स्क्रीनपासून सुटका हवी तिच्यावरच मणी मोजायचे, आणि मध्येच वरून बातमीची पट्टी उतरायची, हे आम्हाला पटत नाही. एका दशकाचं ब्रेसलेट बरं, मात्र त्यात पाच रंग बसत नाहीत.

पाऊस सुरू असताना माळ खिडकीच्या खिळ्याला किंवा स्कूटरच्या आरशाला टांगू नका. झाकण लागणाऱ्या छोट्या डबीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा, आणि ऑक्टोबरात ऊन पडलं की गाठी एकदा तपासून घ्या. जपमाळेचा महिनाही तोच.