भिंत की पुतळा? पहिलं सार्वजनिक काम घेताना

जी. डी. आर्ट (कलेची शासकीय पदविका) करून बाहेर पडलेली मुलं स्टुडिओवर येतात आणि एकच विचारतात: "सर, भिंतीचं काम मिळतंय, ते घेऊ, की पुतळ्याच्या कामात शिरू?"

पुतळ्याची ओढ मला कळते. आमच्या कोल्हापुरात बिंदू चौकात बाबासाहेबांचा पुतळा त्यांच्या हयातीत, ९ डिसेंबर १९५० ला, भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं उभा राहिला. शिवाजी चौकातला महाराजांचा पुतळा बाबूराव पेंटरांच्या हातचा. असं काम आपल्या नावावर असावं, असं इथं शिकलेल्या कुणाला वाटणार नाही?

भिंतीचं काम मात्र लवकर हातात येतं. स्वच्छता मोहिमेसाठी किंवा सुशोभीकरणासाठी निविदा निघते, ठेकेदार ती घेतो आणि चौरस फुटाच्या दरानं तुम्हाला पोटकाम देतो. त्या दरात पुट्टी, प्रायमर आणि परांची धरली आहे का, हे आधी विचारा. कमाई तिथंच बुडते. दुसरी गोष्ट ओल. २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या भिंतीवर रंग लावण्याआधी प्लास्टर ठोकून बघा, पोकळ वाजलं तर पोपडे येणारच. दिवाळी ते मे हाच खरा हंगाम.

पुतळ्याला हंगाम नाही, पण परवानग्यांची रांग आहे. राज्य शासनाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार क्ले मॉडेलला (पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला) कला संचालनालयाची मान्यता लागते, शिवाय जागा, पोलीस आणि जिल्हाधिकारी. तोवर माती ओल्या फडक्यात जपायची, रोज पाणी मारायचं, गाळ्याचं भाडं भरायचं. माझं एक मॉडेल असंच पडून राहिलं. काम देणाऱ्या पुतळा समितीत मतभेद झाले, मातीला तडे गेले आणि चेहरा मी पुन्हा पहिल्यापासून केला. त्या दुसऱ्या चेहऱ्याचे पैसे करारात नव्हते, म्हणून मिळाले नाहीत. तेव्हापासून मी हप्ते असे बांधतो: मातकाम सुरू होताना, मॉडेल पूर्ण झाल्यावर (मान्यता येवो न येवो), ओतकामाआधी आणि बसवल्यावर. मान्यतेनंतर बदल सांगितले तर वेगळी रक्कम. ब्राँझमध्ये बहुतांश तांबं असतं, म्हणून भाव चढला तर फरक कोण सोसणार, हेही लिहून घेतो.

एका बाबतीत मात्र दोन्ही कामं सारखी आहेत. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५७ नं कलाकाराला नाव लावण्याचा आणि कामाची विटंबना रोखण्याचा हक्क दिला आहे. विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प काढून त्याची मोडतोड झाली, तेव्हा अमरनाथ सेहगल यांना दिल्ली उच्च न्यायालयानं २००५ मध्ये ५ लाख रुपये भरपाई मंजूर केली. भिंतीवर सही करू न देणाऱ्या ठेकेदाराला हे सांगायला लाजू नका.

मंडळांचे देखावेही आहेत. त्यात रोख पैसा असतो, पण विसर्जनानंतर दाखवायला फोटोच उरतात.

माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं भिंती घ्या, पण स्वतःच्या ड्रॉइंगवर आणि सहीसकट. पुतळ्यासाठी आधी एखाद्या जाणत्या शिल्पकाराकडे मदतनीस व्हा. आर्मेचर (मातीला आतून धरणारा सांगाडा) बांधणं, साचा काढणं, ओतकामासाठीच्या मेणाच्या प्रतीतला दोष ओळखणं तिथं कळतं. समितीचा करार एकट्याच्या नावानं करायची घाई त्याआधी करू नका. केलाच, तर माती लावायच्या दिवसापासून रोज एक फोटो तारखेसह काढून ठेवा. हप्त्यावरून वाद झाला की तोच कामी येतो.