विद्यार्थ्यांना भाड्याने देण्याचे घर आणि माझे बुडालेले २६,०५० पौंड

इंग्लंडमधील एका विद्यापीठ-शहरात मी २,८५,००० पौंडांना सहा खोल्यांचे घर घेतले आणि त्या व्यवहारात माझे २६,०५० पौंड गेले. हे सांगताना लाज वाटते, पण संताप त्याहून मोठा आहे.

घराला पाच वर्षांचा एचएमओ परवाना (वेगवेगळ्या कुटुंबांतील अनेक भाडेकरू एकत्र राहणाऱ्या घराचा परवाना) आहे, त्याची तीन वर्षे शिल्लक आहेत आणि पुढील शैक्षणिक वर्षासाठी सहा विद्यार्थ्यांचे करार झालेले आहेत, असे एजंटाने सांगितले आणि घर शोधून दिल्याचे ६,००० पौंड घेतले. विक्रीनंतर परवान्याचे काय, असे मी विचारले तेव्हा ‘तो घरासोबतच येतो’ असे त्याने ईमेलवर लेखी कळवले. हे धादांत खोटे होते. २००४ च्या हाउसिंग अ‍ॅक्टनुसार हा परवाना दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. नव्या मालकाला नव्याने अर्ज करावा लागतो, आणि वेगवेगळ्या कुटुंबांतील पाच किंवा अधिक माणसे स्वयंपाकघर वा न्हाणीघर सामायिक वापरत असतील, तर परवान्याशिवाय घर भाड्याने देणे हा फौजदारी गुन्हा ठरतो. कित्येक कौन्सिलांनी, म्हणजे स्थानिक प्रशासनांनी, ही अट तीन-चार भाडेकरूंच्या घरांनाही लावलेली आहे, तेव्हा घर लहान म्हणून निर्धास्त राहू नका.

परवान्याच्या प्रतीवर ‘९ पैकी पान १’ असे छापलेले होते आणि मला तेवढे एकच पान मिळाले होते. उरलेली पाने मी मागितली. ‘ती सॉलिसिटरकडे (खरेदीचे कागद पाहणाऱ्या माझ्या वकिलाकडे) पाठवतो’ या उत्तरावर मी थांबलो, आणि तो क्षण आजही मला छळतो. त्या न पाठवलेल्या पानांवर स्वच्छ लिहिलेले होते की हे घर पाचच माणसांसाठी आहे. माळ्यावरच्या सहाव्या खोलीतील, उतरत्या छतामुळे दीड मीटरपेक्षा कमी उंची राहिलेला भाग वगळला, तर ती ५.८ चौरस मीटर भरत होती. एका प्रौढाच्या झोपण्याच्या खोलीला किमान ६.५१ चौरस मीटर लागतात. खोल्या स्वतः टेपने मोजा. पलंग मावला म्हणून खोली कायदेशीर होत नाही.

मी बेफिकीर होतो असे कोणी म्हणू नये. सॉलिसिटरला मी पूर्ण फी दिली होती, कर्ज देणाऱ्या संस्थेच्या मूल्यमापकाने सहाही खोल्या पाहिल्या होत्या आणि कौन्सिलच्या सार्वजनिक नोंदवहीत परवाना चालू दिसत होता. परवान्याविषयी विक्रेत्याने ‘खरेदीदाराने स्वतः चौकशी करावी’ एवढेच उत्तर दिले होते, आणि ते सॉलिसिटरच्या लांबलचक अहवालात कुठेतरी मध्येच होते. असे उत्तर आले की सही करू नका.

फेब्रुवारीत तपासणी झाली. कौन्सिलने ७,५०० पौंड दंड केला, विद्यार्थ्यांनी न्यायाधिकरणाकडे जाऊन ११,४०० पौंड भाडे परत मिळवले आणि नव्या परवान्याच्या अर्जाला १,१५० पौंड लागले. विद्यार्थ्यांवर माझा राग नाही. तो त्यांचा कायदेशीर हक्क आहे. एजंटाच्या शब्दावर विसंबलो, हे कारण मात्र न्यायाधिकरणाने ग्राह्य धरले नाही.

राग आहे तो यंत्रणेवर. त्याच खोलीत आधी सहावा विद्यार्थी ठेवणाऱ्या विक्रेत्याचे काय, असे विचारल्यावर कौन्सिलने ‘ते आता मालक नाहीत’ एवढेच कळवले. विक्रीनंतरही जुना परवाना नोंदवहीत चालू का दिसत होता, या प्रश्नाला उत्तरच नाही. ग्राहक-तक्रार कार्यालयाने मी गुंतवणूकदार आहे, ग्राहक नव्हे, असे सांगून हात झटकले; पोलिसांनी हा दिवाणी वाद ठरवला; फसवणुकीच्या तक्रारी नोंदवणाऱ्या यंत्रणेने एक क्रमांक दिला आणि पुढे काही महिन्यांनी तपास होणार नसल्याचे छापील पत्र पाठवले. मला दंड करायला मात्र याच व्यवस्थेकडे माणसेही होती आणि वेळही होता.

प्लॅनिंगची परवानगी, म्हणजे घराचा वापर बदलण्याची मंजुरी, ही परवान्याहून वेगळी असते, हेही मला तेव्हा कोणी सांगितले नाही. आर्टिकल ४ (असा बदल परवानगीशिवाय करू न देणारा आदेश) लागू असलेल्या भागात कुटुंबाचे घर अशा सामायिक वापरासाठी द्यायचे तर ती स्वतंत्रपणे घ्यावी लागते. पैसे देण्याआधी दोन्ही विभागांना लेखी विचारा.

६,००० पौंडांसाठी मी दावा केला, तोवर एजंटाने कंपनीची नोंदणी रद्द करण्याचा अर्ज केला होता आणि तीच जाहिरात दुसऱ्या नावाने सुरू केली होती. त्या अर्जावर मी हरकत नोंदवली आहे. अशा एजंटाला ज्यांनी पैसे दिले असतील, त्यांनी कंपनी बंद होण्याआधीच हरकत घ्यावी आणि त्याचा एकही ईमेल पुसू नये.