चाळीस कप्प्यांची फाईल, आठ महिन्यांनी

ही फाईल घेतली पुराच्या धास्तीनं. २०१९च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीला चुलत्यांच्या ट्रंकेतल्या मोडी कागदांचा लगदा झाला होता. म्हणून वंशावळीचं काम हाती घेतल्यावर, जो कागद मिळेल तो प्लॅस्टिकमध्ये, असं ठरवलं. महाद्वार रोडला दोनशे वीस रुपयांत मिळाली. सुरुवातीला मी सगळ्यांना हीच घ्या म्हणत होतो. ते मागे घेतो.

मे महिन्यात फेरफाराची, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर गेली त्या नोंदीची, झेरॉक्स बाहेर काढली, तर निम्मी अक्षरं कप्प्यालाच चिकटलेली. कप्पा उजेडात धरला, तर 'वारस' शब्द उलटा दिसला. कागदावर त्या जागी नुसता राखाडी डाग. मी झेरॉक्सवाल्याशी वाद घालून आलो. मग त्याच दिवशी त्याच्याकडं काढलेली दुसऱ्या एका कागदाची झेरॉक्स पुठ्ठ्याच्या फाईलीत सापडली, ती स्वच्छ. म्हणजे दोष प्लॅस्टिकचा. हे कप्पे पीव्हीसीचे. ते मऊ राहावेत म्हणून घातलेलं द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि झेरॉक्सची शाई ओढून घेतं. पॉलीप्रॉपिलीनच्या कप्प्यांत तसं होत नाही. दुकानदार म्हणाला, "प्लॅस्टिकला गॅरंटी नसते." पैसे गेल्याचं वाईट वाटतंच, पण त्या नकलेसाठी कचेरीत तीन हेलपाटे घातले होते.

एक गोष्ट मात्र या फाईलीनंच शिकवली. आधी मी माणसागणिक कप्पा केला होता. एका फेरफारात पाच नावं, म्हणून पाच झेरॉक्स. आता कागदागणिक कप्पा, त्याला क्रमांक, आणि तोच क्रमांक वंशावळीत नावापुढं. झेरॉक्सच्या मागं पेन्सिलीनं: गाव नमुना ६ (फेरफारांची नोंदवही), फेरफार क्रमांक, कुठून, कधी मिळाला. मोडी कागदावर फसली, म्हणजे जुनं महसुली साल, १३२५ असेल तर तसंच उतरवायचं आणि शेजारी १९१५-१६ लिहायचं. मूळ साल खोडायचं नाही.

हेळव्यानं, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी राखून सांगणाऱ्यानं, सांगितलेली वंशावळ अकराव्या कप्प्यात आहे. तो म्हणाला चार भाऊ. फेरफारात वारस तीन. पूर्वी मी चौथा खोडून टाकला असता. दोन्ही कागद वेगळे राहिले म्हणून आत्तीला विचारलं. ती म्हणाली, "धाकटा दत्तक गेला बाळा, त्याचं नाव इथं कसं येईल?" तिचं बोलणं तारखेसह तेविसाव्या कप्प्यात. दत्तकपत्र अजून शोधतोय.

आता अस्सल कागद सुती रुमालात बांधून माळ्यावर ठेवलेत आणि झेरॉक्स पॉलीप्रॉपिलीनच्या कप्प्यांत. जुन्या फाईलीतला तो एक कप्पा मात्र नवी नक्कल हाती येईपर्यंत टाकणार नाही. सर्व्हे नंबरचे शेवटचे दोन आकडे कागदावर उरलेले नाहीत, ते त्या प्लॅस्टिकवरच आहेत.