प्रोजेक्ट गुटेनबर्ग: अमेरिकन साहित्याच्या पेपरासाठी कितपत उपयोगी?

एम.ए. इंग्रजीला अमेरिकन साहित्याचा पेपर सुरू झाला की नागपुरातल्या बहुतेक विद्यार्थ्यांना पहिला प्रश्न पडतो तो पुस्तक मिळवण्याचा. सीताबर्डीच्या दुकानांत प्रश्नोत्तरांची गाईडे हवी तेवढी मिळतात. मूळ कादंबरी मात्र बहुधा मागवावी लागते, आणि तळटीपा व समीक्षालेखांसह छापलेली आवृत्ती घ्यायची म्हटले तर महिन्याच्या मेसच्या पैशांना हात लावावा लागतो. अशा वेळी प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत ग्रंथसंग्रहाकडे वळणे ओघानेच येते. मायकल हार्ट यांनी ४ जुलै १९७१ रोजी इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकित करून हा उपक्रम सुरू केला. आज त्यात ७०,०००हून अधिक पुस्तके आहेत. त्यांसाठी नोंदणी करावी लागत नाही आणि शुल्कही नाही. अमेरिकन साहित्याच्या अभ्यासापुरते माझे मत असे आहे की वाचण्यासाठी हा संग्रह उत्तम आहे, पण त्यातून अवतरण द्यायचे असेल तर कोणत्या आवृत्तीचा मजकूर समोर आहे याची आधी चौकशी करावी.

हर्मन मेलव्हिलच्या, देवमाशाच्या शिकारीवरच्या 'मोबी डिक'पासून सुरुवात करते, कारण वर्गात सर्वाधिक धास्ती याच कादंबरीची असते. १३५ प्रकरणे आणि वर उपसंहार असलेल्या या ग्रंथाची साध्या मजकुराची फाईल सुमारे १.२ एमबीची आहे. छापील प्रत हातात असली की बत्तिसाव्या प्रकरणात, जेथे निवेदक कथानक बाजूला सारून देवमाशांची वर्गवारी पुस्तकांच्या फोलिओ, ऑक्टावो अशा आकारांवरून करू लागतो, तेथे वाचकाचे लक्ष उरलेल्या पानांच्या जाडीकडे जाते. मोबाइलवर ती जाडी दिसत नाही, हा फायदा वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. त्याहूनही कामाची सोय म्हणजे शोध. गाईडांत कॅप्टन एहॅबवर पानेच्या पाने असतात, आणि जहाजावरचा पिप हा कृष्णवर्णीय मुलगा दोन ओळींत आटोपलेला असतो. त्र्याण्णवाव्या प्रकरणात हा मुलगा समुद्रात एकटा मागे राहतो आणि भानावर येतो तो बुद्धिभ्रंश होऊनच. त्याचे नाव शोधात टाकले की त्याआधी तो कोठे कोठे दिसला होता आणि नंतर त्याच एहॅबच्या किती जवळ जातो, हे सलग वाचता येते. परीक्षेत या पात्रावर प्रश्न येण्याची शक्यता कमीच. पण कादंबरी मला उलगडली ती या मुलामुळे.

मात्र हीच फाईल काय सांगत नाही, तेही पाहण्यासारखे आहे. ही कादंबरी १८५१च्या ऑक्टोबरात आधी लंडनमध्ये 'द व्हेल' या नावाने तीन खंडांत निघाली आणि त्या आवृत्तीत उपसंहारच नव्हता. निवेदक वाचला कसा, हे उपसंहारातच कळत असल्यामुळे, जहाजासह सगळेच बुडाले तर ही गोष्ट सांगतो कोण, असा आक्षेप तिकडच्या समीक्षकांनी घेतला होता. चांगल्या छापील आवृत्तीच्या प्रस्तावनेत हा इतिहास असतो. येथे थेट संहिता सुरू होते. हॉथॉर्नच्या 'द स्कार्लेट लेटर'बाबत तक्रारीला जागा नाही. जकात कचेरीवरचे दीर्घ प्रास्ताविक, जे गाईडवाले सर्रास गाळतात, ते येथे पूर्ण आहे.

'हकलबेरी फिन'च्या सचित्र फाईलमध्ये पहिल्या आवृत्तीतली ई. डब्ल्यू. केंबल यांची चित्रे आहेत, आणि स्वस्त पुनर्मुद्रणांत ती सहसा नसतात. या कादंबरीत आपण अनेक बोली वापरल्या आहेत, असे मार्क ट्वेन आरंभीच बजावतो. घरी नागपुरी बोलीत वाढलेल्या आणि शाळेत 'शुद्ध' लिहायला शिकलेल्या वाचकाला त्यामागची खोच समजावून सांगावी लागत नाही, तरी जिम या पळून आलेल्या कृष्णवर्णीय गुलामाचे संवाद केवळ डोळ्यांनी वाचताना अडखळायला होतेच. त्यासाठी लिब्रिव्हॉक्स या २००५ साली सुरू झालेल्या, गुटेनबर्गसारख्याच स्वयंसेवी संग्रहातले ध्वनिमुद्रण ऐकावे. वाचक स्वयंसेवक असल्याने दर्जा कमीजास्त आहे, पण मेट्रोत लोकमान्य नगरहून सीताबर्डीला येईपर्यंत एखादे प्रकरण ऐकून होते. कृष्णवर्णीयांसाठीचा अपमानास्पद शब्द या कादंबरीत २००हून अधिक वेळा येतो. त्याची चर्चा करणारी प्रस्तावना या फाईलमध्ये नाही; ती जबाबदारी वर्गावर येते.

खरी सावधगिरी बाळगायची ती एमिली डिकिन्सनच्या बाबतीत. तिच्या हयातीत मोजक्याच कविता छापल्या गेल्या. १८८६ साली ती वारल्यानंतर मेबल लूमिस टॉड आणि थॉमस हिगिन्सन यांनी १८९० साली पहिला संग्रह काढला, आणि तो काढताना कवितांना शीर्षके दिली, जीवन, प्रेम, निसर्ग, काल आणि चिरंतन अशा विभागांत त्या बसवल्या, यमके गुळगुळीत केली व तिच्या आडव्या रेघांच्या जागी स्वल्पविराम-अर्धविराम घातले. गुटेनबर्गवर आहे तो हाच पाठ. हस्तलिखितांबरहुकूम पाठ १९५५ साली थॉमस जॉन्सन यांनी तीन खंडांत सिद्ध केला आणि त्यावर अजून स्वामित्वहक्क आहे. परिणामी विद्यार्थी उत्तरपत्रिकेत तिच्या रेघांचे महत्त्व विशद करतो आणि त्याच्या मोबाइलमधल्या कवितेत त्या रेघाच नसतात. मृत्यू बग्गी घेऊन न्यायला येतो त्या सुप्रसिद्ध कवितेचे जुन्या संग्रहात 'द चॅरियट' असे नामकरण झाले आहे आणि तिचे एक कडवे सरळ गाळलेले आहे. त्या कडव्यात बोलणारी स्त्री आपलेच विधान दुरुस्त करते, सूर्य मागे टाकला असे नव्हे, तोच आपल्याला ओलांडून गेला, असे म्हणते, आणि पातळ वस्त्रांत तिला प्रथमच गारठा जाणवतो. ते कडवे नसले की उरते एक शांत, काहीशी गोड सहल. एवढा फरक पडत असताना, डिकिन्सनपुरते तरी ग्रंथालयातून छापील प्रत काढणे अपरिहार्य आहे.

विसाव्या शतकाकडे वळले की संग्रह एकदम विरळ होतो. गुटेनबर्ग अमेरिकेच्या कायद्यानुसार चालते, आणि त्या काळातल्या पुस्तकांवर तेथे प्रकाशनानंतर ९५ वर्षे हक्क राहतो. म्हणूनच १९२५ सालची 'द ग्रेट गॅट्सबी' २०२१च्या १ जानेवारीला मुक्त झाली. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांचा नियम असल्याने १९६१ साली निवर्तलेला हेमिंग्वे आपल्याकडे मुक्त आहे. तरीही त्याच्या ज्या कादंबरीचा परिचय मराठी वाचकाला पु. ल. देशपांडे यांच्या 'एका कोळियाने' या अनुवादामुळे आहे, ती 'द ओल्ड मॅन अँड द सी' १९५२ सालची असल्याने गुटेनबर्गवर २०४८पूर्वी येणार नाही. आर्थर मिलर, टेनेसी विल्यम्स, टोनी मॉरिसन यांच्या नेमलेल्या कृतींसाठी या संग्रहाचा भरवसा धरू नये.

अभ्यासक्रमाबाहेर मात्र या संग्रहाने मला सर्वाधिक दिले. गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसचे १८४५ सालचे आत्मकथन येथे आहे. मालकीण त्याला मुळाक्षरे शिकवू लागते आणि मालक ते बंद पाडतो, हा प्रसंग महाराष्ट्रातल्या वाचकाला परका वाटणे अशक्य आहे. गुलामीतूनच सुटलेल्या हॅरिएट जेकब्जचे १८६१ सालचे आत्मकथनही आहे. ते टोपणनावाने निघाल्यामुळे दीर्घकाळ त्याच्या सत्यतेबद्दलच शंका घेतली गेली आणि जीन फॅगन येलिन यांच्या संशोधनाने १९८०च्या दशकात ती मिटली. ही माहितीही वाचकाने स्वतंत्रपणे मिळवायची आहे. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांचे १९०३ सालचे 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' येथे पूर्ण वाचता येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली याच डू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या निवेदनाच्या प्रती मागवल्या होत्या. महात्मा फुले यांनी तर 'गुलामगिरी' १८७३ सालीच, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केली होती. दीक्षाभूमीच्या शहरात अमेरिकन साहित्य शिकताना हॉथॉर्नच्या आधी डग्लस वाचला तर बिघडणार काहीच नाही. त्याचे आत्मकथन लहान आहे, भाषा सरळ आहे, आणि सीताबर्डीत त्याची झेरॉक्स काढायलाही फार खर्च येत नाही.