व्हिसा नको, पण कागद हवेच : चिनी प्रवाशांसाठी सिंगापूरची प्रवेशव्यवस्था

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या चिनी जोडप्याला मागच्या वर्षी मुलगी झाली आणि बाळंतपणासाठी बायकोची आई चीनच्या सिचुआन प्रांतातल्या चेंगदूहून सिंगापूरला आली. माझी आई सांगलीहून येते तेव्हा तिच्या व्हिसाचे सगळे काम मीच करते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून आजीबाईंचा पासपोर्ट, विमानाचे तिकीट आणि पन्नास शंका घेऊन दोघेही माझ्याकडे आले. त्या निमित्ताने चिनी नागरिकांसाठीची सिंगापूरची प्रवेशव्यवस्था मी पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत जवळून पाहिली. भारतीय पासपोर्टची वाट मला पाठ असल्यामुळे दोन्हींमधला फरकही नीट लक्षात आला. चांगल्या सेवेचे कौतुक करावे आणि ती कुठे तोकडी पडते तेही सांगावे, या हेतूने हे परीक्षण लिहीत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. 2024 च्या सुरुवातीपर्यंत चिनी प्रवाशालाही आपल्यासारखाच सिंगापूरचा व्हिसा काढावा लागत असे. 25 जानेवारी 2024 रोजी बीजिंगमध्ये दोन्ही देशांनी परस्पर व्हिसामाफीचा करार केला आणि 9 फेब्रुवारी 2024 पासून, म्हणजे चिनी नववर्षाच्या आदल्या दिवसापासून, तो लागू झाला. साधा पासपोर्ट असलेल्या चिनी नागरिकाला पर्यटन, नातेवाइकांची भेट किंवा व्यावसायिक बैठका यांसाठी 30 दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय सिंगापुरात राहता येते आणि सिंगापूरच्या नागरिकालाही चीनमध्ये तशीच मुभा आहे. चिनी माणसे याला ‘म्येन-छ्येन’ म्हणतात. सणासाठी घरोघरचे आईवडील मुलांकडे निघतात, नेमका तोच मुहूर्त साधल्यामुळे या सवलतीचा लाभ पहिल्या दिवसापासून कुटुंबांना झाला. त्या वर्षी चीनमधून सिंगापुरात 30 लाखांहून अधिक पाहुणे आले आणि कोणत्याही एका देशातून आलेल्या पाहुण्यांमध्ये ती संख्या सर्वांत मोठी होती.

माफी व्हिसाची आहे, बाकी अटींची नाही, हे मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असली पाहिजे. परतीचे किंवा पुढच्या प्रवासाचे तिकीट, राहण्याचा पत्ता आणि तेवढे दिवस पुरेल इतका पैसा यांविषयी अधिकारी विचारू शकतो. पूर्वी ज्या गोष्टींची छाननी व्हिसा देताना होत असे, त्याच गोष्टींची विचारणा आता विमानतळावर होऊ शकते. त्यामुळे वयस्कर माणसाच्या हातात सर्व कागदांची छापील प्रत द्यावीच. आजीबाईंसाठी आम्ही मुलीचा पत्ता, तिचा फोन नंबर, परतीचे तिकीट आणि बाळंतपणाच्या रुग्णालयाची तारीख असे सगळे एका प्लास्टिकच्या पाकिटात घालून तयार ठेवले होते.

या माफीवर येऊन काम करता येत नाही, हे तर ठळकपणे सांगायला हवे. चीनमध्ये बाळंतिणीची आणि बाळाची महिनाभर काळजी घेणाऱ्या व्यावसायिक बाईला ‘य्वेसाओ’ म्हणतात. पगार द्यावा लागतो, पण ती कामात तरबेज असते. आमच्या शेजाऱ्यांच्या मनात आधी असे होते की आईला त्रास देण्यापेक्षा गावाकडचीच एखादी य्वेसाओ तीस दिवसांसाठी बोलवावी, व्हिसा तर लागतच नाही. मी त्यांना तिथेच थांबवले. पैसे घेऊन केलेले काम हे कामच असते आणि त्यासाठी मनुष्यबळ मंत्रालयाचा वर्क परमिट लागतो. बाळंतिणीची काळजी घेणाऱ्या बाईसाठी सिंगापुरात असा स्वतंत्र परवाना आहे, परंतु तो मलेशियाच्या नागरिकांनाच मिळतो आणि बाळाच्या जन्मापासून 16 आठवडे चालतो. चीनहून आलेल्या बाईला व्हिसामाफीच्या आडून कामाला लावले, तर ती आणि तिला ठेवणारे घर दोघेही अडचणीत येतात. सख्खी आई लेकीचे बाळंतपण करायला येते ती गोष्ट वेगळी. ती कुटुंबभेटच आहे.

आता 30 दिवसांच्या मर्यादेविषयी. चिनी पद्धतीत बाळंतिणीने ‘महिना बसायचा’ असतो. त्या महिन्यात बाहेर पडायचे नाही, थंड पाण्याला हात लावायचा नाही, आल्याचे आणि लाल खजुराचे गरम काढे प्यायचे. आपल्याकडे सव्वा महिना धरतात, त्यांच्याकडे महिना. कागदावर 30 दिवस आणि रीतीतही महिना, म्हणजे हिशेब जुळला असे वरवर वाटते. पण बाळ तारीख पाहून जन्माला येत नाही. आजी बाळंतपणाच्या आठवडाभर आधी आली, तर महिना पुरा होण्याआधीच तिची परतीची वेळ येते आणि ती उशिरा निघाली, तर लेक रुग्णालयात एकटी. 30 दिवसांहून जास्त राहायचे असेल तर त्यासाठीची मंजुरी प्रवासाआधीच घेणे अपेक्षित आहे. आल्यावर बघू, मुदत वाढवून घेऊ, अशा भरवशावर कुणी राहू नये. नोकरीवर आलेल्या परदेशी माणसाला आईवडिलांसाठी दीर्घ मुदतीचा भेटपास काढता येतो खरा, मात्र त्यासाठी ठरलेला मासिक पगार किमान 12,000 सिंगापूर डॉलर असावा लागतो. सामान्य पगारातल्या कुटुंबाला ती वाट बंदच आहे. या व्यवस्थेत मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट हीच आहे. पर्यटकाला 30 दिवस भरपूर होतात. नातवंडासाठी आलेल्या आजीला ते अपुरे पडतात. बाळंतपणाच्या दाखल्यावर 45 दिवसांचा एखादा कौटुंबिक पास असता, तर कितीतरी घरांची ओढाताण वाचली असती.

प्रत्यक्ष अर्जाकडे वळू. व्हिसा नसला तरी प्रत्येक पाहुण्याला ‘एसजी अरायव्हल कार्ड’ हे आगमनपत्र ऑनलाइन भरावे लागते. उतरण्याच्या दिवसासह तीन दिवसांच्या आत ते भरायचे असते, त्याआधी भरता येत नाही. त्यातच आरोग्याविषयीचे निवेदनही असते. ते पूर्णपणे मोफत आहे, आणि हे वाक्य मी मुद्दाम ठासून लिहीत आहे. आमच्या शेजाऱ्यांनी घाईघाईत शोधयंत्रात नाव टाकले, सर्वांत वर आलेल्या दुव्यावर गेले आणि हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या एका संकेतस्थळाने ‘प्रक्रिया शुल्क’ म्हणून साठेक डॉलर कापून घेतले. वर आजीबाईंच्या पासपोर्टचा सगळा तपशील भलत्याच्या हाती गेला तो गेलाच. खरे संकेतस्थळ इमिग्रेशन अँड चेकपॉइंट्स अथॉरिटीचे आहे आणि त्याचा पत्ता ‘डॉट गव्ह डॉट एसजी’ असा संपतो. पैसे मागितले की ते पान तिथेच बंद करावे. कुणी या आगमनपत्रालाच व्हिसा म्हणून विकत असेल, तर तीही शुद्ध फसवणूक आहे.

दुधाने तोंड पोळल्यावर दुसऱ्यांदा आम्ही ताकही फुंकून प्यायलो. शेजारी आपल्या फोनवर चिनी भाषेतले पान उघडून बसला आणि मी माझ्या संगणकावर इंग्रजीतले. एकेक रकाना दोघांनी ताडून पाहिला. चिनी भाषेत अर्ज उपलब्ध असणे ही या सेवेची फार मोठी जमेची बाजू आहे, कारण ज्येष्ठ प्रवाशाला आपण काय लिहून देत आहोत हे स्वतः वाचता येते. अडलो ते एकाच ठिकाणी. आजीबाईंचे आडनाव चिनीत ‘ल्यू’ आहे आणि ते रोमन लिपीत लिहिताना त्यातल्या ‘यू’ या अक्षरावर दोन टिंबे येतात. पासपोर्टवर ते रोमन लिपीत ‘एल-वाय-यू’ असे छापले होते, तर तिकीट काढताना जावयाने संगणकावर टंकायच्या सवयीने ‘एल-व्ही’ असे टाकले होते. चीनमध्ये कळफलकावर हे अक्षर ‘व्ही’ने टंकतात, त्यामुळे ही चूक सहज होते. आगमनपत्रात नाव पासपोर्टबरहुकूमच हवे आणि तिकीटही त्याला जुळायला हवे. तिकिटावरचे नाव बदलून घेण्यात एक संपूर्ण संध्याकाळ फोनवर गेली. ज्यांच्या घरी हे आडनाव असेल त्यांनी तिकीट काढण्यापूर्वी पासपोर्ट उघडून पाहावा.

अर्जात ईमेलचा पत्ता द्यावा लागतो आणि इथे चिनी ज्येष्ठांची खरी अडचण होते. त्यांचे सगळे व्यवहार फोन नंबरवर आणि वीचॅट या चिनी संदेश-अ‍ॅपवर चालतात. कित्येकांनी आयुष्यात ईमेल उघडलेले नसते. मुलाचा किंवा जावयाचा पत्ता दिला तर काम भागते, पण मग प्रवेशाचा पास प्रवाशाच्या हाती न येता दुसऱ्याच्या पेटीत जाऊन पडतो. त्याविषयी पुढे सांगते.

सामानाचा विषय व्हिसाच्या नियमांत मोडत नसला, तरी विमानतळावर चिनी पाहुणे अडकतात ते बहुधा त्यापायीच. आजीबाईंनी हिवाळ्यात घरी वाळवलेली सिचुआनी तिखट सॉसेजेस लेकीसाठी बांधून ठेवली होती. घरगुती मांसाचे असे पदार्थ सिंगापुरात आणता येत नाहीत. व्हिडिओ कॉलवर ती पिशवी बाहेर काढताना त्यांचा चेहरा उतरला तो मला अजून दिसतो. आईने केलेले डिंकाचे लाडू कुणी परत ठेवायला सांगितले, तर आपल्याला जे वाटेल तेच त्यांना वाटले असणार. त्यांच्या जागी मग वाळलेले लाल खजूर आणि सिचुआनी मिरी आली. जावयासाठी घेतलेले सिगारेटचे अख्खे खोके मात्र घरीच ठेवायला लावले. चीनमध्ये ती मानाची भेट समजली जाते, पण सिंगापुरात सिगारेटवर करमाफीची सवलत अजिबात नाही, आणि 1 जुलै 2020 पासून साध्या, एकसारख्या वेष्टनातलीच सिगारेट इथे चालते. ई-सिगारेट तर जवळ बाळगणेही गुन्हा आहे आणि 2025 मध्ये त्यावरची कारवाई आणखी कडक झाली. तरुण चिनी पर्यटकांनी ही सूचना विशेष लक्षात घ्यावी.

चांगी विमानतळावरचा अनुभव मला आजीबाईंच्याच तोंडून कळला. त्यांना मी ‘आयी’ म्हणते. चिनीत ‘आयी’ म्हणजे मावशी आणि उच्चार जवळजवळ आपल्या ‘आई’सारखाच, त्यामुळे हाक मारताना मला वेगळेपण वाटत नाही. चांगीला आता परदेशी पाहुण्यांनाही आधी नोंदणी न करता स्वयंचलित मार्गिकेतून जाता येते. तिथे ओळख पटवताना बोटांच्या ठशांपेक्षा डोळ्यांची बुबुळे आणि चेहरा यांवर भर असतो. चाळीस वर्षे शेतात आणि विटांच्या भट्टीवर राबलेल्या त्यांच्या बोटांवर रेषा जवळपास उरलेल्या नाहीत. चीनमधल्या बँकेतसुद्धा त्यांचा अंगठा उमटत नाही. त्यामुळे यंत्राने आपल्याला बोटे न रगडायला लावता आत सोडले, याचेच त्यांना अप्रूप वाटले. कुणी प्रश्नही विचारले नाहीत. पाकीट तसेच्या तसे पर्समध्ये राहिले.

पासपोर्टवर शिक्का मात्र बसत नाही. त्याऐवजी ईमेलवर ई-पास येतो आणि किती तारखेपर्यंत राहता येईल हे त्यावर लिहिलेले असते. शिक्का नाही म्हणून त्या घाबरल्या आणि बाहेर येताच लेकीला म्हणाल्या, मला बहुतेक चुकीच्या दाराने सोडले. जावयाच्या ईमेलमध्ये पास सापडल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. आम्ही त्याची छापील प्रत काढली आणि शेवटची तारीख फ्रीजवरच्या दिनदर्शिकेत लाल पेनाने गोल करून ठेवली. व्हिसा लागत नसला की दिवस मोजायचेही भान राहत नाही, म्हणून ही खबरदारी प्रत्येकाने घ्यावी.

माझ्या आईच्या वाटेशी तुलना केली, तर फरक डोळ्यांत भरतो. भारतीय पासपोर्टवर आधी अर्जाचा 14 ए नमुना, फोटो, कधी इथल्या माणसाचे हमीपत्र, अधिकृत एजंटाकडे फेरी, 30 सिंगापूर डॉलरचे परत न मिळणारे शुल्क आणि त्यावर एजंटाचा आकार. तरीही एक गोष्ट दोघींना सारखीच आहे आणि ती आपल्याकडच्या पुष्कळ लोकांना माहीत नसते. आईला दोन वर्षांचा, अनेकदा ये-जा करता येणारा व्हिसा मिळाला, तरी तो दोन वर्षे राहण्याचा परवाना नसतो. एका भेटीत किती दिवस राहायचे हे उतरल्यावरच ठरते आणि आईलाही बहुतेक वेळा तीसच दिवस मिळाले आहेत. आगमनपत्रही दोघींना तेच, तेवढ्याच मुदतीत. चिनी प्रवाशाची वाचते ती दाराबाहेरची धावपळ आणि व्हिसा नाकारला जाण्याची धाकधूक. सांगलीच्या बसस्थानकाजवळ फोटो काढून घेताना माझी आई दर वेळी विचारते, ‘या खेपेला देतील ना गं?’ चेंगदूच्या आयींना हा प्रश्न पडत नाही. या सेवेचे मोल मी त्यावरूनच करते आणि ते मला फार मोठे वाटते.

तीस दिवसांची अडचण शेजाऱ्यांनी शेवटी आजीच्या बदल्यात आजी आणून सोडवली. आयी परत जाण्याच्या आदल्या दिवशी जावयाची आई यायची होती. विहिणीचे आगमनपत्र भरायला जावई संगणक उघडून बसला, तेव्हा आयींनी त्याच्या हातातून फोन घेतला. चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि विहिणीशी बोलत बोलत स्वतःच सगळे रकाने भरले. पत्त्याशी आल्यावर त्यांनी आमच्या इमारतीचा सहा अंकी पिनकोड न बघता टाकला.